उतरताना

मडगावच्या त्या इमारतीत लिफ्ट आहे,
म्हणजे लिफ्टचा दरवाजा आहे.
ग्राहक आयोग तिसऱ्या मजल्यावर.
मी, डॉक्टर विश्राम लोटलीकर, वय अठ्ठावन्न,
सामनेवाला क्रमांक दोन.
क्रमांक एक क्लब. त्यांचा माणूस आज आलाच नाही.

तक्रारदार कुस्तोदियो बार्रेटो, राहणार बाणावली,
पूर्वी लेफ्ट विंग.
'पूर्वी' हा शब्द त्याच्या वकीलबाईंनी लिहिलाय
आणि तेवढाच सगळा दावा आहे,
बाकीची बेचाळीस पानं टाचणीपुरती.

त्यांनी विचारलं, डॉक्टर, तुमचा पेशंट कोण होता?
पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही सांगेल.
मी पाण्याचा घोट घेतला.
पगार क्लबचा, खोली क्लबची,
टेबल, बर्फ, माझ्या शर्टावरचं चिन्ह क्लबचं.
गुडघा तेवढा त्याचा.

फातोर्डा. फायनलला दोन तास.
एमआरआयची फिल्म मी ट्यूबलाइटला धरली होती :
आतल्या बाजूचा लिगामेंट अर्धा सुटलेला,
रांपणीची कड उसवते तसा.
डायरीत माझ्याच अक्षरात आहे, सहा आठवडे विश्रांती.
त्याखाली त्याच शाईनं, त्याच तारखेला, खेळू शकतो.
मधे खाडाखोडसुद्धा नाही.
मॅनेजर दारात उभा होता, एक शब्द बोलला नाही.
बोलला असता तर आज मला केवढा आधार झाला असता.

पोराला विचारलं होतं मी. हे खरं आहे.
तो म्हणाला, दोतोर, म्हाका पांय आयज जाय,
फाल्यां न्हय.
फाल्यां म्हणजे उद्या.
उद्या म्हणजे हा तिसरा मजला.

संमतीपत्र इंग्रजीत, बारीक टायपात.
बूट बांधता बांधता त्यानं मांडीवर धरून सही केली,
शेवटचं अक्षर कागदाबाहेर घसरलंय.
आता ती सही परिशिष्ट 'क'.

एकाहत्तराव्या मिनिटाला त्याच्या जवळपास कोणी नव्हतं.
नुसता वळला.
गुडघा दुखून सांगतो, थांब.
त्याचं ते सांगणं मी एका सिरिंजमध्ये मिटवलं होतं.

हाच गुडघा एखाद्या पोस्टमनचा असता तर?
मी म्हटलं, प्रश्न काल्पनिक आहे.
अध्यक्षांनी चष्म्यावरून पाहिलं.
पोस्टमनला मी घरी पाठवला असता.
ऐकला नसता तर त्याच्या बायकोला फोन केला असता.

मग गणित. चोविसाव्या वर्षी थांबला,
बत्तिशीपर्यंत खेळला असता,
आठ हंगाम गुणिले करार, वजा सध्याचं उत्पन्न.
सध्या तो कोलव्याला जुन्या स्कूटर भाड्यानं देतो.
किक मारायला दुसरा पोरगा ठेवलाय.

माझ्या खिशात विमा कंपनीचं पत्र :
तक्रारदाराशी संभाषण टाळावे.
खेद, दिलगिरी, माफी,
यांपैकी कोणताही शब्द कबुली धरला जाऊ शकतो.
तीस वर्षं लोकांच्या हाडांना प्लास्टर घातलं,
हे पहिलंच, तोंडाला.

पुढची तारीख पडली.
जिन्यात तो माझ्या चार पायऱ्या पुढे,
कठडा धरून, चांगला पाय आधी टाकत,
म्हणजे सगळा भार मागे, त्या गुडघ्यावर,
आणि गुडघा वाजला. कट्.
वकील होते, शिपाई होता, कोणी वळून बघितलं नाही.
तो आवाज ऐकू येणारे आम्ही दोघंच.

"कुस्तू," मी म्हटलं,
"उतरताना दुखरा पाय आधी."

तो थांबला. मागे पाहिलं नाही.
उजवा पाय खाली टाकला.
मग डावा.
अजून दोन मजले होते.